दिवस अजून गेला नाय

खडूचा वास आला की मला अंबरनाथच्या केमिकल कंपनीचं गेट आठवतं. तिथे एका फळ्यावर अपघाताशिवाय गेलेल्या दिवसांचा आकडा असायचा. पालेगावचे एक वयस्कर ऑपरेटर रोज पाळी सुटल्यावर देवळात शिरताना काढावेत तसे पायातले बूट काढून तो आकडा एकाने वाढवायचे. एकदा त्यांनी ते काम मला दिलं. मी नवीन, त्यात घरी जायची घाई. दुपारीच नवा आकडा लिहून मोकळा झालो. त्यांनी तो तळहाताने पुसला आणि म्हणाले, "दिवस अजून गेला नाय, बाला. आत मानसा हायीत. ती भायेर येऊ दे, मंग लिव." संध्याकाळी आम्ही दोघं फळ्यापाशी थांबलो. अंगाला साबणाचा वास असलेली माणसं डबे हलवत, घरी भाजी कुठली न्यायची ते बोलत बाहेर पडत होती. शेवटचा माणूस गेटबाहेर गेला तेव्हा त्यांनी खडू माझ्यापुढे धरला. दिवसभरात काहीच घडलं नव्हतं, सगळे धड घरी गेले होते. कुणी न सांगता मी बूट काढले. आता बदलापूरच्या घरी संध्याकाळी दाराशी सगळ्यांच्या चपला परत आलेल्या दिसल्या, की माझा हात खडू शोधतो.