लाल रेघेवरचा काटा

"आई आजची उद्या दिसायची न्हाई, लवकर ये," असा सोनपेठहून माझ्या भावाचा निरोप आला. माझे यजमान पुण्याला कामाला होते, म्हणून थोरल्या दिरांनी गाडी काढली. पुढं दीर आणि सासूबाई, मागं मी.

गाडीच्या रेडिएटरला गळती होती. कूलंट टिकत नाही म्हणून दीर बोअरचं पाणी भरायचे. सकाळी चारठाण्याहून निघताना ते सासूबाईंना म्हणाले, "माय, तिला म्हण, गरमीच्या काट्यावर नजर ठेव. लाल रेघेला टेकायच्या आधी सांगायचं. मला खड्डे बघावं लागतेत."

मी हातभर अंतरावर होते, तरी ते सासूबाईंनाच म्हणाले. आमच्यात थोरल्या दिराशी बोलायची रीत नाही. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. त्यांनी माझा आवाज ऐकला असेल तर भिंतीपलीकडून. काही सांगायचं असलं की मी सासूबाईंना सांगायची, त्या पुढं सांगायच्या.

मधोमध सरकून बसले की काटा दिसत होता. तो अजून मध्यावरच होता. किती वेळ लागेल, असं मी सासूबाईंना दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा त्या म्हणाल्या, "इमान हाय का हे? तुझी आई काय पळून चाललीय?" दीर हसले.

देवगाव फाटा मागं पडला आणि काटा वर सरकायला लागला. सासूबाईंचा डोळा लागला होता. मी त्यांच्या खांद्याला हात लावला. त्यांनी डोळे न उघडताच तो झटकला. "गप बस गं. पोचल्यावर पोचू." मी बांगड्या वाजवल्या. दिरांनी मोबाइलवरचं भजन मोठं केलं.

काटा लाल रेघेला टेकला, मग तिच्याही वर गेला. काटा वर गेलाय, एवढंच म्हणायचं होतं. ओठ हलल्याचं मला आठवतं. आवाज निघाला नाही.

बॉनेटखालून वाफ आली आणि इंजिन बंद पडलं. दीर उतरले, माझ्या बाजूचं दार उघडून म्हणाले, "तोंड न्हाई का तुला?" अकरा वर्षांत ते माझ्याशी थेट बोलले, ते हे.

थोड्या वेळानं सोनपेठची एसटी येताना दिसली. मी सासूबाईंकडं बघितलं. "बस खाली," त्या म्हणाल्या. "गाडीचं वाटोळं केलंस, आता आमाला उन्हात सोडून जातीस व्हय?" एसटी निघून गेली.

मिस्त्रीची वाट बघताना दिरांचा फोन वाजला. माझ्या भावाचा होता. "गाडी तापलीय, येतो," एवढं बोलून त्यांनी फोन खिशात घातला. मी दोन पावलांवर उभी होते. फोन मागायला हात पुढं केला आणि त्याच हातानं पदर सारखा केला.

मिस्त्री दुपार उलटल्यावर आला. दिवस मावळताना पोचलो. माणसं स्मशानातून परतून अंगणात हातपाय धूत होती. भाऊ जवळ आला.

"ताई, फोनवर एक शब्द तरी बोलायचा. मी फोन आईच्या कानाला लावला होता. ती बोल, बोल म्हणायली होती."

दीर माझ्या मागंच उभे होते. मी पदर तोंडाला लावला.