ओढ्याचं पाणी तपासणाऱ्या बाई

ऐंशीच्या सुमारास मी जांबोटीच्या शाळेत शिकवत होतो. बेळगावहून येणाऱ्या बसमध्ये त्या बाई मला नेहमी भेटायच्या. त्या कॉलेजात जंतुशास्त्र शिकवायच्या आणि आमच्या ओढ्याचं पाणी तपासायला न्यायच्या. बाटल्यांची पिशवी मांडीवर धरून बसायच्या, बोलता बोलता वाक्य अर्ध्यावर सोडून खिडकीबाहेर बघत राहायच्या.

"गुरुजी, यातले काही जंतू औषधानं मरत नाहीत," एकदा त्या म्हणाल्या. "आणि तो गुण ते शेजारच्या जंतूंनाही देतात. उद्या कुणी आजारी पडलं, तर औषध देऊनसुद्धा..."

त्यांनी पाणी उकळून प्यायला सांगितलं, तेव्हा गाव बिथरलं. "आमच्या पाण्याला नावं ठेवती व्हय?" म्हणत लोकांनी त्यांच्याशी बोलणंच टाकलं. तरी बाई येत राहिल्या. परतीची बस येईपर्यंत रस्त्याकडेला एकट्याच उभ्या असायच्या. बसा म्हणायलाही कुणी यायचं नाही.

एका दुपारी मीही बसची वाट बघत होतो. ओढ्यावरून घागर घेऊन येणारी एक म्हातारी बाईंपाशी थांबली.

"लई दमलीस गं पोरी. घे, पाणी पी."

बाई घागरीकडे बघत राहिल्या. मग त्यांनी ओंजळ पुढं केली आणि पोटभर पाणी प्यायल्या.

बसमध्ये मला राहवेना. "बाई, उकळून प्या म्हणून तुम्हीच सांगता ना?"

"सांगते," त्या म्हणाल्या. "पण या गावात मला पाणी कुणी विचारलंय, ते आजच."