अब्बांच्या हातातली गुणगुण

"त्यांच्या मुलीला काही विचारू नकोस, ती नुसती मान हलवते," सिस्टर नव्या टेक्निशियनला म्हणाल्या.

आपण हळू बोललो असं त्यांना वाटलं असावं. पण दिवसभर यंत्रांच्या घरघरीवर आवाज चढवून बोलणाऱ्या माणसाचं हळूही खोलीभर ऐकू जातं. मी अब्बांची पिशवी धरून दारातच उभी होते. आत चादर, पायमोजे, बिस्किटांचा पुडा. मी पिशवी पुढे केली आणि मान हलवली. दुसरं काय करणार?

तळेगावच्या त्या डायलिसिस सेंटरला आम्ही लोणावळ्याहून लोकलने जायचो. सकाळी उशिराच्या गाडीत जागा मिळते. अब्बा खिडकीशी बसायचे, मी समोर. मळवलीपर्यंत डोंगर बघायचे, पुढे डोळे मिटायचे. बोलायचो नाही. भांडण नव्हतं. अम्मी असताना आमचं सगळं बोलणं तिच्यातून जायचं. फी भरायचीय, हे मी तिला सांगायचे. भरली, हे अब्बा तिला सांगायचे. ती गेल्यावर घरात दोन माणसं उरली आणि मधला रस्ता गेला.

अब्बांनी उमेदीची सारी वर्षं चिक्कीच्या भट्टीपुढे घालवली. मला मात्र हट्टाने इंग्रजी शाळेत घातलं. पालकसभेला ते यायचे, पण वर्गाच्या मागच्या भिंतीला टेकून उभे राहायचे. बाईंनी इंग्रजीत काही विचारलं की माझ्याकडे बघायचे. घरी माझ्या हातात पुस्तक असलं तर खोलीतून जाताना चपलांचा आवाजही करायचे नाहीत. त्यांना अभिमान होता, हे मला कळायचं. अभिमानाने माणूस लांबही उभा राहतो, हेही. आता मी घरातूनच काम करते. परक्या लोकांच्या मुलाखती हेडफोन लावून ऐकते आणि टाइप करते. दिवसभर कानात बोलणं असतं, त्यातलं माझ्याशी एकही नसतं.

मूत्रपिंडं निकामी झाल्यावर डॉक्टरांनी अब्बांच्या उजव्या मनगटापाशी एक छोटं ऑपरेशन केलं. अब्बा डावखुरे, पाक घोटायचा तो डाव्या हाताने, म्हणून उजवा निवडला. आत काय केलंय ते डॉक्टरांनी मला कागदावर काढून दाखवलं. शाळेत मी हेच चित्र लाल आणि निळ्या पेन्सिलीने रंगवलं होतं. लाल धमनी हृदयाकडून रक्त नेते, निळी शीर ते परत आणते. प्रत्यक्षात निळं रक्त कुणाचंच नसतं; शिरेतलंही लालच असतं, जरा काळपट. फरक जोराचा आहे. धमनीत हृदयाचा धक्का असतो, तिची भिंत जाड असते. ती सहसा खोलवर दडलेली असते, पुन्हा पुन्हा सुया टोचायला ती बरी नाही. शीर वर असते, हाताशी येते, पण पातळ आणि संथ. यंत्राला रक्त भरभर लागतं, तेवढं ती देऊ शकत नाही. म्हणून दोघींना जोडायचं. धमनीचा लोंढा शिरेत शिरतो, काही आठवड्यांत शीर जाड होते, वर उठून दिसते, सुया सोसू लागते.

एरवी या दोन रस्त्यांच्या मधे केसाहून बारीक वाहिन्यांचं जाळं असतं. काही ठिकाणी त्या इतक्या अरुंद असतात, की तांबड्या पेशींना एकामागून एक, अंग चोरून जावं लागतं. आणि रक्त जे काही देतं, प्राणवायू, ऊब, ते तिथेच देतं. अब्बांच्या हातात बरंचसं रक्त ती गल्ली टाळून थेट परत फिरायचं. त्यामुळे त्या हाताची बोटं कायम गार असायची.

"बाकीच्या नसा बारीक आहेत," डॉक्टर म्हणाले होते. "ही एकच चांगली झालीय. जपा. या हातावर बीपी बघू द्यायचं नाही, वजन नाही, घड्याळ नाही. आणि रोज बोटं ठेवून बघायचं. गुणगुण लागली पाहिजे. ती गेली तर रक्त आत गोठतंय असं समजा आणि लगेच या." नाहीतर मानेतून नळी घालावी लागणार होती. अब्बांनी तसा एक माणूस सेंटरमध्ये पाहिला होता. त्या दिवशी घरी येऊन ते जेवले नव्हते.

पण अब्बांना ती गुणगुण लागेना. गरम चिक्की ओल्या बोटांनी थापून थापून त्यांच्या बोटांची टोकं दोन्ही हातांना कातड्याच्या तुकड्यांसारखी झाली होती. त्यांनी पुन्हा पुन्हा दाबून पाहिलं आणि शेवटी हात माझ्यापुढे केला. "बघ बरं, बेटा. मला काय कळंना."

मोठी झाल्यापासून मी त्यांना हात लावला नव्हता. तीन बोटं ठेवली. कातडीखाली काहीतरी अखंड थरथरत होतं. गाडी दिसायच्या आधी रूळ थरथरतात, तसं.

तेव्हापासून रोज सकाळी चहाच्या कपाशेजारी ते हात ठेवायचे आणि खिडकीबाहेर बघत राहायचे. मी बोटं ठेवायचे. ते मान वळवून विचारायचे, "आहे?" मी मान हलवायचे. ते हात काढून घ्यायचे. कधीकधी दिवसभरातलं आमचं बोलणं तेवढंच.

त्या दिवशीही सकाळी गुणगुण होती. आदल्या खेपेला अब्बांना यंत्रावर चक्कर आली होती, म्हणून फुप्पी, त्यांची थोरली बहीण, त्यांची आपा, कार्ल्याहून मुक्कामाला आली होती. निघताना मी रिक्षा बघायला पुढे खाली उतरले. अब्बा मागून आले, शर्टाची बाही खाली ओढत. गाडीत ते उजव्या हाताची मूठ उघडत होते, मिटत होते.

आता टेक्निशियनने त्यांना पलंगावर निजवलं, बाही कोपरापर्यंत सारली आणि शिटीच वाजवली. "वा चाचा, नस कसली फुगलीय! आज सुई एका झटक्यात."

अब्बा हसले. तो हात धुवायला बेसिनकडे वळला.

नातेवाइकांनी बाहेर थांबायचं असतं. मी अर्धी बाहेर होतेही. पण ती शीर मला दिसली. मी तिला रोज भेटत होते. ती मऊ असायची, बोट टेकवलं की दबायची. आज ती पाण्याने भरून तोंड दाबलेल्या नळीसारखी ताठ दिसत होती. थांबा म्हणायचं होतं. पण सिस्टरांचं मघाचं वाक्य अजून खोलीत होतं, आणि मी तोंड उघडलं असतं तर सगळ्या पलंगांवरच्या माना वळल्या असत्या.

मी चपला घालूनच आत गेले आणि अब्बांच्या मनगटावर बोटं ठेवली.

गुणगुण नव्हती. नुसते ठोके होते, बंद दारावर बसावेत तसे.

"अहो मॅडम, असं काय करताय?" टेक्निशियन ओल्या हातांनी धावत आला. मी बोटं उचलली नाहीत. शिरेच्या मागोमाग वर सरकवत नेली, कोपराच्या पुढे, सारलेल्या बाहीच्या आत. दंडावर गाठ लागली.

हिरव्या कापडात नाणं गुंडाळून घट्ट बांधलेलं. इमाम जामीन. आमच्यात प्रवासाला निघणाऱ्याच्या उजव्या दंडावर बांधतात, सुखरूप परत ये म्हणून. परत जाणारं रक्त नेमकं तिथे अडलं होतं.

सिस्टर आल्या. त्यांनी एकदाच हात लावला आणि त्यांचा चेहरा बदलला. "चाचा, हे आत्ताच्या आत्ता काढायचं."

अब्बांनी डाव्या हाताने गाठ झाकली. "आपानं बांधलंय हो. निघता निघता. म्हणली, सुयांच्या तोंडी जीव देतोस, आन् हे बांधायला लाजतोस व्हय?"

"मग डाव्या दंडाला बांधा. देव काय उजवं-डावं बघतो?"

"देव न्हाई बघत," अब्बा म्हणाले. "आमची आपा बघती."

शेजारच्या पलंगावरचे आजोबा खोकत हसले. अब्बाही हसले, पण हात हलवेनात. मी त्यांची बोटं एकेक करून उचलली. त्यांनी उचलू दिली. गाठ नखाला निघेना, मग दातांनी सोडवली. कापडाला फुप्पीच्या डब्यातल्या लवंगेचा वास होता. दंडावर खोल वळ उमटला होता.

टेक्निशियनने स्टेथोस्कोप लावला. त्याचं तोंड उतरलं होतं. हात धुऊन मी तपासणारच होतो, असं तो नंतर म्हणाला, आणि ते खरंही असेल. मी बोटं मनगटावर परत नेली. अजून ठोकेच होते. मग शीर जराशी सैलावली. मग ठोके एकमेकांत मिसळायला लागले.

अब्बांनी तोंड भिंतीकडे केलं होतं. हिरवं कापड त्यांच्या डाव्या मुठीत होतं.

"आहे?" त्यांनी विचारलं.

बोटांखाली रूळ थरथरू लागले होते. मी मान हलवली. नेहमीसारखी.

ते भिंतीकडेच बघत होते. मूठ घट्ट झाली. "बेटा, आहे का? का गेली?"

त्यांच्या आवाजात मी तसं काही कधी ऐकलं नव्हतं, अम्मीच्या वेळीही नाही.

"आहे, अब्बा," मी म्हणाले, खोलीभर ऐकू जाईल असं. "आहे. चांगली जोरात आहे. द्या ते इकडं, डाव्या हाताला बांधते. फुप्पीला मी सांगेन."