बाई आणि बेन

दोंडाईच्याला पॅसेंजर फार वेळ थांबत नाही. आईचं बोलणं मात्र कधीच थोडक्यात उरकलं नाही. मी खिडकीशी बसलेली, मांडीवर ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी बांधलेलं फडकं, आणि आई खालून सांगतेय: पाणी उकळून पी, बिबड्यांच्या पापडांना ऊन दाखवल्याशिवाय डब्यात भरू नको, शेजारीण कशीही असली तरी तिच्याशी बोलणं टाकू नको. वडील हायस्कुलात शिपाई होते. शाळेची घंटा देऊन देऊन त्यांना वेळेचं भान फार. गार्डाची शिट्टी व्हायच्या आधीच ते डब्याबरोबर चालू लागले होते. माझ्या नवऱ्याला म्हणाले, "जावाईबोवा, पोर दहावी शिकेल शे. तिनी दहावी चुलमा घालू नका." हे ओशाळून हसले. गाडी सुटली. मी रडले नाही, कारण समोरच्या बाकावर माझ्यासारखीच एक नवी नवरी आधीच रडत होती, आणि दोघींनी एकदम रडणं बरं दिसलं नसतं.

गावाकडे राहिलात त्यांना अजून वाटतं, सुरत म्हणजे साड्या. साड्या असतीलही. आम्ही पांडेसऱ्यात राहिलो तिथे साड्यांच्या आधीचं सगळं होतं: रंगाची पिंपं, वाफ, बॉयलरचा धूर, आणि वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यांवर उतरणारी काजळी. खाडीचं पाणी एक दिवस लाल, एक दिवस हिरवं. हे एका प्रोसेस मिलमध्ये कापडाच्या घड्या घालायचे. आमची एक ओरडी होती, म्हणजे एकच खोली, दार उघडलं की सरळ चूल. गल्लीत सगळे खानदेशचे, त्यामुळे पहिले सहा महिने मला गुजरातीचा एक शब्द शिकावा लागला नाही. फक्त दुकानदार 'शुं छे' म्हणाला की बरं वाटायचं. आमचं 'शे' आणि त्यांचं 'छे' बहिणी-बहिणी वाटायच्या. बहिणींचं पटतंच असं नाही, हे पुढे कळलं.

मग प्लेग आला. अर्धी सुरत स्टेशनवर उभी होती आणि आम्हीही त्यात होतो. गावी पोचलो तर पोलीस पाटलांनी वेशीवरच थांबवलं. बाहेरच्या शाळेत दोन खोल्या सुरतेहून आलेल्यांसाठी रिकाम्या केल्या होत्या. तिथे आम्ही दोन आठवडे काढले. आई भाकरी आणायची, पायरीवर ठेवायची आणि मागे सरून उभी राहायची. घरात तिची म्हातारी सासू आणि माझ्या भावाची दोन लहान मुलं होती, तिचं काही चुकलं नाही. तरी मला राग आला. इतका की भाकरी गिळवेना, आणि भूक इतकी की खाल्ल्यावाचून राहवेना. परत जायला निघालो तेव्हा आईने मला जवळ घेतलं, पण ते मागे सरणं काही माझ्या डोळ्यांपुढून गेलं नाही.

प्लेगनंतर सुरतेत झाडू आणि गाड्या रोज यायला लागल्या. आमच्या गल्लीत एक दिवस जीप आली. तिच्यातून दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरीणबाई उतरल्या, म्हणजे तिथल्या भाषेत डॉक्टर बेन. त्यांना दहावी झालेली, घरोघर जायची तयारी असलेली आणि इथल्या बायकांची बोली बोलणारी कुणीतरी हवी होती. त्या हिंदीत म्हणाल्या, आमच्या नर्सेस येतात तेव्हा तुमच्या बायका दार लावून घेतात. दार उघडून घेणारी पाहिजे. सगळ्या गल्लीने माझ्याकडे पाहिलं. हे रात्रपाळी करून झोपले होते. उठल्यावर म्हणाले, "लोकांच्या दारोदार फिरशील?" मी त्यांना चुलीत न घालायच्या दहावीची आठवण करून दिली. ते पुन्हा ओशाळून हसले, आणि मी कामाला लागले.

आम्ही चौघी होतो. मागांवरच्या ओडिया कामगारांच्या वस्तीसाठी कुंतला, तेलुगू घरांसाठी लक्ष्मी, युपीवाल्यांसाठी मालती आणि खानदेशींसाठी मी. चौघींच्या चार भाषा, आपसात बोलायला मोडकी हिंदी, आणि रजिस्टर मात्र गुजरातीत. गुजराती अक्षरांवर रेघ नसते. मला ती अक्षरं डोक्यावरचा पदर पडल्यासारखी उघडी वाटायची, म्हणून पहिले काही दिवस मी चोरून वर रेघ ओढायचे आणि रजिस्टर तपासणारा कारकून डोक्याला हात लावायचा. खांद्याला पिशवी, पिशवीत मीठ-साखरेची पाकिटं, पाण्यात टाकायच्या गोळ्या, थर्मामीटर. सकाळी बमरोली, दुपारी पांडेसरा, मग दवाखान्यात जाऊन लिहिणं. पायांच्या टाचा संध्याकाळी दगडासारख्या व्हायच्या. दवाखान्यात आम्हा चौघींना बसायला जागा नव्हती. औषधांच्या खोक्यांवर बसायचो, आणि खोकी कामाला लागली की उठायचो.

पहिली गेली कुंतला. तिच्या वाट्याला खोलीत पंधरा-पंधरा पुरुष राहतात अशा राहण्याजेवणाच्या खाणावळी होत्या. दार वाजवलं की पंधराच्या पंधरा जण नुसते बघत राहायचे. सोबत कुणी द्या, असं ती तीनदा सांगून आली. चौथ्यांदा सांगायला आलीच नाही. लक्ष्मीने घरी बसून साड्यांवर टिकल्या चिकटवायचं काम धरलं. निदान उन्हात फिरावं लागत नाही, म्हणाली. मालतीचा नवरा दुसऱ्या गावी गेला आणि तीही गेली. दरवेळी डॉक्टर बेन म्हणायच्या, नवी शोधू. शोधायला जीप यायची, राखायला कुणी यायचं नाही. हे मी आज लिहितेय. तेव्हा मी रजिस्टर पुढे ओढलं.

कमल बमरोलीकडे राहायची, माहेर शिरपूरकडचं. तिची आठ महिन्यांची मुलगी सारखी हगवणीने आजारी. तिला दवाखान्यात आणायला मला तीन आठवडे लागले. तिची सासू म्हणायची, नजर लागली आहे. कमल म्हणायची, तिथे आपल्याला कोण विचारतं? मी म्हणायचे, मी आहे ना तिथे.

एका सोमवारी ती खरंच आली. रांग मोठी होती. टेबलाशी कोकिलाबेन होत्या. त्या आमच्या नर्स, वलसाडकडच्या, पांढरीशुभ्र साडी, हात हलका पण जीभ तिखट. कमलचा नंबर आला. ती पदर सावरून आपल्या परीने जितक्या अदबीने बोलता येईल तितक्या अदबीने म्हणाली, "बाई, मनी पोरले जरा देखा ना."

कोकिलाबेननी मान वर केली. "बाई कोने कहे छे? हुं तारे घेर वासण घसवा आवुं छुं?" बाई कुणाला म्हणतेस, मी काय तुझ्या घरी भांडी घासायला येते?

आपल्याकडे बाई म्हणजे शाळेतल्या बाई. बाई म्हणजे आपण जिच्यापुढे उभे राहतो ती. सुरतेत बाई म्हणजे भांडी घासायला येते ती; मान द्यायचा तर बेन म्हणायचं. हे मला ठाऊक होतं. दवाखान्यात दोन्ही अर्थ ठाऊक असलेली मी एकटीच होते. दोन वाक्यं बोलले असते, एक अहिराणीत आणि एक गुजरातीत, तर गोष्ट तिथेच मिटली असती. पण माझ्या हजेरीवर सही कोकिलाबेनची लागायची. त्या नाराज झाल्या तर काम जाईल ही भीती होती. मी रजिस्टरात मान खुपसली. कमलने एकदा माझ्याकडे बघितलं, मुलीला खांद्यावर टाकलं आणि निघून गेली.

संध्याकाळी तिच्याकडे जाईन असं ठरवलं. गेले नाही. दुसऱ्या दिवशीही गेले नाही. काम होतं असं सांगता येईल, पण खरं सांगायचं तर लाज वाटत होती. तिसऱ्या दिवशी गेले तेव्हा पोरीचे डोळे खोल गेले होते, रडत होती पण डोळ्यांत पाणी नव्हतं. चिमटीत धरलेली कातडी तशीच उभी राहिली. आम्ही रिक्षा करून मोठ्या हॉस्पिटलात पळालो. सगळ्या रस्त्यात कमल एकच वाक्य बोलली. "तू तठेच व्हती ना?"

मुलगी वाचली. सलाईन लागलं आणि चार दिवसांनी घरी आली. पण वस्तीची दारं माझ्यासाठी लागली. मी कडी वाजवली की आतून बाया स्वतःच ओरडून सांगायच्या, "घरमा कोनी नही!" एरवी मी हसून लोटपोट झाले असते. तेव्हा त्या बंद दारापुढे पाकिटं हातात धरून उभं राहायचं आणि पुढच्या दाराशी जायचं, तिथेही घरात कुणी नाही. महिना-दीड महिना असा गेला. रजिस्टरात मी रोज लिहायचे, 'घर बंद'.

एक दिवस माझा बांध फुटला. दवाखाना रिकामा होता. मी कोकिलाबेनना तोंडावर सांगितलं, तुम्ही जिला हाकललंत ती तुम्हाला मान देत होती, आमच्याकडे मास्तरणीला बाई म्हणतात. माझी गुजराती रागात पार कोसळली, निम्मं अहिराणीत बोलले. त्या सुया उकळत होत्या. चिमटा हातात तसाच धरून त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या की त्यांची आई जन्मभर दुसऱ्यांच्या घरी कामाला जायची. मालकीण आणि तिची चार वर्षांची नातही तिला बाई म्हणून हाक मारायची. "एनुं नाम कोईए लीधुं ज नहीं." तिचं नाव कुणी घेतलंच नाही. शिकून नर्स झाल्या त्या एवढ्यासाठी की आपल्याला कुणी बाई म्हणू नये. आणि मग विचारलं, "ते दिवसे तुं केम ना बोली?" त्या दिवशी तू का बोलली नाहीस?

मी म्हणाले, तुमची भीती वाटली. त्यांनी चिमट्याने एकेक सुई बाहेर काढायला घेतली. दुसऱ्या दिवशी आतल्या खोलीतली लोखंडी खुर्ची त्यांच्या टेबलाशेजारी आलेली होती आणि त्यांनी मला तिच्यावर बसायला सांगितलं. बायका काय म्हणतात ते मला तिथल्या तिथे सांगत जा, म्हणाल्या. शनिवारी वजनकाटा घेऊन त्या माझ्याबरोबर बमरोलीला आल्या. कमलच्या उंबऱ्यावर बसल्या, साडीला काजळी लागली तरी उठल्या नाहीत. माफीबिफी काही मागितली नाही. पोरीचं वजन केलं, तिच्या पायांच्या चिमुकल्या बोटांवरून हात फिरवला. मी 'बाई' शब्दाची सगळी कथा दोन्ही भाषांत सांगितली. कमलने वजन करू दिलं, पण ती दोघींशीही बोलली नाही.

मी थकले होते. तीन जणी गेल्या, मग मीच का राहावं? डॉक्टर बेनना सांगितलं, मी सोडते. त्या म्हणाल्या, आठ दिवस गावी जाऊन ये, मग सांग. मी ट्रंक भरून गावी गेले, परत न येण्याच्या तयारीने. हे म्हणाले, तुझी मर्जी, पण त्यांचा चेहरा उतरला होता.

गाव तसाच होता. स्टेशनवरून चालत येताना पहिली काकू भेटली. "कव्हय उनी?" आणि दम न घेता, "कव्हय जाशी?" कधी आलीस, कधी जाशील. पिठाच्या गिरणीवर तेच, विहिरीवर तेच. आईनेसुद्धा पाण्याचा तांब्या हातात देताना विचारलं, किती दिवस आहेस? कुणाच्या मनात वाईट नव्हतं. पण त्यांच्या हिशेबी मी जाणारीच होते. वडिलांना म्हणाले, मी आता इथेच राहते. ते अंगणात सुपारी कातरता कातरता म्हणाले, "ऱ्हा ना. पन तठला लोके तुनी वाट देखत व्हतीन ते?" कोण वाट बघणार, मी म्हणाले. दारं लावून घेणारी माणसं वाट बघतात होय?

पाचव्या दिवशी मी परतले. वडिलांनी समजावलं म्हणून नाही. गावात करायला काही नव्हतं आणि नवऱ्याचे जेवणाचे हाल होत असतील, इतकंच.

तुम्ही, जे गावी राहिलात आणि जे माझ्यासारखे निघालात, दोघेही विचारता, तुझं घर नेमकं कुठलं? मला मोठं काही सांगता येत नाही. परतल्यावर दुसऱ्या दिवशी बमरोलीच्या त्या गल्लीत शिरले, एवढंच सांगते. दारं वाजवायची नाहीत, कोकिलाबेननी दिलेली मीठ-साखरेची पाकिटं एका ओट्यावर ठेवून मुकाट्याने निघायचं, असं ठरवून गेले होते. गल्लीच्या तोंडाशीच कमल उभी होती, मुलगी कमरेवर. मला बघताच तिने सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा आवाज चढवला.

"इतला दिन कथी व्हती वं? पोरनी सुई चुकनी ना!"

कुठे होतीस, पोरीची गोवराची लस राहिली, असं ती बोलत होती, मी उभी राहून ऐकत होते. परक्या माणसाला असं कुणी बोलत नाही. मग आजूबाजूच्या दारांतून बाया बाहेर आल्या, आणि प्रत्येकीने आपापल्या परीने मला झापलं.