वॉलपेपरवरची वंशावळ
मी शिकलो तो आत्यामुळे. विड्या वळून तिनं मला वाढवलं आणि घरातला पहिला पदवीधर म्हणून पुढच्या शिक्षणाला लीड्सला धाडलं. आजही दुकानात वॉलपेपरची गुंडाळी दिसली की तिथली माझी म्हातारी घरमालकीण आठवते. तिनं आपली वंशावळ जुन्या वॉलपेपरच्या कोऱ्या बाजूवर लिहिली होती. एका रविवारी तिनं ती जेवणाच्या टेबलावर उलगडली आणि टोकं वळू नयेत म्हणून चहाचे मग ठेवले. ओव्हनमधून ओटच्या बिस्किटांचा खरपूस वास येत होता. गिरणीत राबलेल्या पणजीपासून तिचं बोट कधी आईच्या, कधी बापाच्या बाजूनं वर सरकत मध्ययुगातल्या एका स्कॉटिश राजापाशी थांबलं. "आता मला वाकून नमस्कार कर," ती हसली, "आणि तुझं कूळ सांग." आमच्या गावात सुगीनंतर हेळवी येतो, घराण्याची नावं तोंडपाठ म्हणतो आणि जोंधळे घेऊन जातो. मीही त्याच्याच चालीत सगळी नावं म्हटली. "सगळे पुरुषच?" ती म्हणाली. "आणि तू रोज जिच्याबद्दल बोलतोस, ती आत्या कुठं आहे यात?" तिनं गुंडाळीतला हातभर कोरा कागद फाडून माझ्यापुढं सरकवला. त्यावर मी लिहिलेलं पत्र आत्यानं अजून ट्रंकेत जपलंय: "आत्या, यंदा हेळवी आला की जोंधळे लगेच देऊ नकोस. त्याला आपलं कूळ म्हणू दे, आणि माझ्या नावाआधी त्यानं तुझं नाव घेतलं, की मगच सूप पुढं कर."