आत्याच्या अर्जातला चौथा रकाना

"व्यवसाय, काही नाही." साहेबांनी अर्ज मोठ्यानं वाचला आणि मान वर केली. "मग पेन्शन कशाची मागतेस गं?"

कचेरीत चार टेबलं होती. चारही टेबलांवरचे लोक हसले. आत्याही हसली. मोठी माणसं हसली की आपणही हसायचं, असं तिला लहानपणापासून माहीत होतं. चपला तिनं दाराबाहेर काढल्या होत्या. तसं कुणी सांगितलं नव्हतं. पंचेचाळिशीची बाई, आणि साहेब तिच्याहून दहा वर्षांनी तरी लहान. तरी ते तिला 'अगं' म्हणत होते आणि ती त्यांना 'साहेब' म्हणत होती.

मी हसले नाही. पण बोललेही नाही. कारण अर्जातलं अक्षर माझं होतं.

हे मला नीट लिहिता येईल की नाही, माहीत नाही. मी कॉलेजात पहिल्या वर्षाला आहे. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढं गेलेली मी पहिलीच. म्हणून घरातले सगळे अर्ज मीच लिहिते. आप्पा, म्हणजे माझे आजोबा, त्याच कचेरीत शिपाई होते. निवृत्त झाले, पेन्शन लागली, आणि थोड्याच दिवसांत अर्धांगवायूनं एक बाजू गेली. आजी आधीच वारली होती. माझे आई-वडील दोघंही गिरणीत. उरली आत्या. नवऱ्यानं टाकलेली, भावाच्या घरी राहणारी, विड्या वळून स्वतःपुरतं मिळवणारी.

आप्पांना तंबाखूच्या धुळीनं ठसका लागायचा. एकदा ठसका लागला की थांबायचा नाही. आठवडाभर आत्यानं दारात बसून विड्या वळून पाहिल्या. मग एके दिवशी सूप आणि कात्री शेजारच्या लक्ष्मीबाईला देऊन टाकली आणि विडी कारखान्यातलं कामाचं कार्ड बंद केलं. कुणी तिला 'बंद कर' म्हटलं नाही. 'करू नको' असंही कुणी म्हटलं नाही.

पुढं अकरा वर्षं.

आप्पांचं मराठी त्या झटक्यात गेलं. लहानपणीचं कानडी तेवढं राहिलं. ते 'नीरु' म्हणाले की आत्या पाणी घेऊन धावायची. आम्हाला त्यांचे चार-पाच शब्दच कळायचे, तिला सगळे कळायचे. दर दोन-तीन तासांनी आप्पांची कूस बदलायची. अंथरूण धुवायचं. बहात्तरच्या दुष्काळात नळ कोरडे पडले, तेव्हा ती दोन मैलांवरच्या विहिरीवरून हंडे आणायची, पिण्यासाठी एक आणि आप्पांच्या चादरीसाठी एक. स्वतः चार-चार दिवस अंघोळ करायची नाही. आप्पांच्या पाठीला शेवटपर्यंत जखम झाली नाही. बघायला आलेला डॉक्टर म्हणाला होता, "दवाखान्यातसुद्धा एवढं होत नाही."

आणि मी? मी शाळेतून यायची, आत्यानं केलेली भाकरी खायची आणि अभ्यासाला बसायची. मला कधी कुणी आप्पांचं भांडं उचलायला सांगितलं नाही. ती उचलत होती म्हणून मी शिकले.

आप्पा वारल्यावर त्यांची पेन्शन आत्याच्या नावे व्हावी म्हणून अर्ज लिहिताना तिला विचारलं होतं, "आत्या, चौथ्या रकान्यात काम विचारलंय. काय लिहू?"

ती भांडी घासत होती. म्हणाली, "काय लिवणार? मी कुटं कामाला जाते? काय न्हाय म्हणून लिव."

मी लिहिलं. वळणदार अक्षरात.

ते अक्षर आता साहेबांच्या हातात होतं. "हे बघ," ते म्हणाले, "बायको असती तर मिळाली असती. लहान मूल असतं तरी मिळाली असती. तू लग्न झालेली मुलगी. नवऱ्याकडं माग."

"त्यो कुटं हाय, त्येच ठावं न्हाय, साहेब," आत्या म्हणाली. "आप्पाचं समदं मीच केलं. आता भावाच्या ताटात किती दिस जेवू? माझं म्हनून कायतरी असावं की."

"बापाची सेवा केली, पुण्य मिळालं. त्याची पेन्शन द्यायची म्हटलं तर उद्या माझ्या बायकोलाही द्यावी लागेल. माझ्या आईचं तीच करते!"

पुन्हा हशा.

खिडकीजवळचे म्हातारे कारकून मात्र या वेळी हसले नाहीत. ते आत्याकडं बघून म्हणाले, "बापाला पाठीवर आणायची ती हीच ना?"

दर नोव्हेंबरला पेन्शनर जिवंत असल्याचा दाखला लागायचा. आत्या आप्पांना टांग्यातून आणायची. पुढं जिना. जिन्यावर पाठुंगळी घ्यायची. सतरा पायऱ्या. वर आणून याच खोलीत, याच टेबलापुढं बसवायची. एका वर्षी आप्पांना इथंच लघवी झाली. आत्यानं आपल्या पदरानं फरशी पुसली होती.

"कशाला आणायचीस गं?" कारकून म्हणाले. "अंथरुणाला खिळलेल्या माणसाचा डॉक्टरचा दाखला चालतो."

अकरा वर्षं आत्याला हे कुणी सांगितलं नव्हतं. पाठीवरचं ओझं दर वर्षी बघत होते, आणि सांगितलं नव्हतं.

साहेबांनी अर्ज पुढं सरकवला. "घरी जा. 'अर्ज मागे घेत आहे' असं खाली लिही, पोरी, आणि हिचा अंगठा घे. उगीच फाईल नको."

शाईची गादी पुढं आली. आत्यानं अंगठा शाईत बुडवला. बुडवलासुद्धा. तेव्हा मी तिचं मनगट धरलं.

कॉलेजात मी उभी राहून कधी प्रश्नसुद्धा विचारलेला नाही.

"न्हाय," मी म्हणाले. "मागं घ्यायचा न्हाय."

"काय म्हणालीस?"

"तुमच्या बाईसाहेबांनापण द्या की पेन्शन. त्या करतात म्हणून तर तुम्ही हितं खुर्चीवर बसलाय."

कुणी हसलं नाही. मी अर्ज ओढून घेतला. चौथ्या रकान्यातली माझी ओळ खोडली. वर लिहिलं, 'अंथरुणाला खिळलेल्या वडिलांची शुश्रूषा, अकरा वर्षे, रात्रंदिवस, सुट्टी नाही.' अक्षर वाकडं आलं. मग आत्याचा अंगठा त्याच्याखाली घेतला.

"आता हे वाचून नाकारा," मी म्हणाले. "आणि नाकारल्याचं लिहून द्या."

जिना उतरताना आत्या मला रागावली. "अगं, साहेबाला असं बोलत्यात व्हय? लई शिकलीस का?" खाली आल्यावर तिनं अंगठा पायरीच्या दगडाला घासला. शाई निघाली नाही.

दोन महिन्यांनी उत्तर आलं. नियमात तरतूद नाही. अर्ज नामंजूर. पण वर एक ओळ होती, 'अर्जदाराने वडिलांची अकरा वर्षे शुश्रूषा केल्याचे नमूद केले आहे.' ती ओळ आत्यानं माझ्याकडून तीनदा वाचून घेतली. मग कागद डब्यात ठेवला आणि लक्ष्मीबाईकडं सूप मागायला गेली. विडीवाल्या बायकांना आता प्रॉव्हिडंट फंड लागू झालाय म्हणतात. लक्ष्मीबाईला मिळेल. आत्या नव्यानं कामाला लागणार, जुनी वर्षं धरणार नाहीत, आणि तिची बोटं आता वळत नाहीत.

माझं डोकं शांत होत नाही. गिरणीच्या कापसानं आईला खोकला धरलाय. ती खोकली की घरातल्यांचे डोळे माझ्याकडं वळतात. माझ्या भावाकडं अजून एकदाही वळलेले नाहीत.

आईचं मी करीन. भावालाही करायला लावीन. पण जे करू ते काम म्हणून लिहिलं जाईल. तरतूद नसेल तर तरतूद अपुरी आहे, आत्या नाही. दर नोव्हेंबरला, आत्या आप्पांना न्यायची त्याच महिन्यात, मी त्या सतरा पायऱ्या चढणार आणि तोच अर्ज पुन्हा देणार. ती चपला घालून आत येईल. आणि माझ्या हातून कुठल्याही बाईच्या नावापुढं 'काही नाही' लिहिलं जाणार नाही.