इंग्रजीत वाढवलेला दिवा

भाईंदर पश्चिमेला आमच्या घराच्या बाहेरच्या खोलीत मी दुपारी बायकांना इंग्रजी लिहायला शिकवते. शाळेतून निवृत्त होऊन चार वर्षं झाली, लाल पेन मात्र सुटलेलं नाही. खरं सांगायचं तर आता कंटाळा येतो. त्याच चुकांवर तेच गोल काढायचे आणि घसा खरवडायचा.

गेल्या वर्षी मी 'डार्कनेस' शिकवत होते. फळ्यावर दोन रकाने आखले. एकीकडे लाइट गेल्यावरचा अंधार, दुसरीकडे मनातला. "दोन्ही वापरून पाच ओळी लिहून आणा," म्हटलं आणि वर्ग सोडला.

त्या वर्गात पस्तिशीची एक बाई होती. नवरा सहा महिन्यांपूर्वी गेलेला. कुरिअरच्या गोदामात सकाळच्या पाळीत तासन्‌तास उभं राहून पॅकिंग करताना तिचे पाय सुजायचे. ऑफिसातलं बसायचं काम मिळवायचं तर इंग्रजीची लेखी परीक्षा पास व्हायला हवी होती, आणि ती परीक्षा तोंडावर आली होती.

तिने इंग्रजीत लिहून आणलं: दहाव्या दिवशी सासूबाईंनी दिवा 'इन्क्रीज' केला. तेव्हापासून आमच्या घरात अंधार आहे.

मी 'इन्क्रीज'भोवती गोल काढला. "अहो, दिवा वाढला तर उजेड वाढेल. अंधार कुठून आणलात?" असं सगळ्यांसमोर विचारलं. बायका हसल्या. तीही थोडी हसली आणि वही पिशवीत ठेवली.

पुढचे तीन दिवस ती आली नाही. अशा बायका मध्येच सोडतात, हे मला सवयीचं झालंय. मी फोनही केला नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी देवापुढचा दिवा वाऱ्याने फडफडत होता. सून म्हणाली, "आई, पडदा जवळ येतोय. दिवा वाढवू का?" मी हो म्हटलं आणि तिथेच खुर्चीत बसले.

दिवा विझवला असं आपल्यात कुणी म्हणत नाही. मीही जन्मभर 'वाढवला'च म्हणत आले. पण वहीत इंग्रजी अक्षरं दिसली आणि मी स्वतःची भाषाच विसरले. तिच्या नवऱ्याला शेवटचं जिथे ठेवलं होतं तिथे दहा दिवस जपलेला तो दिवा होता, आणि त्यावर मी वर्ग हसवला होता. मला माझी फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी ती आली. ओव्हरटाइम होता म्हणाली. मी तिला बाजूला घेऊन म्हटलं, "माझं चुकलं. तुमचं वाक्य मला कळायला हवं होतं."

"पण मॅडम, पेपर तपासणाऱ्याला कळलं असतं का?"

नसतं कळलं. मी तिला 'पुट आउट' सांगितलं. तिने अर्थ विचारला.

"विझवला," मी हळूच म्हणाले.

तिचं पेन थांबलं. "हे मी घरी कधी तोंडातून काढलं नाय, मॅडम." मग तिने 'इन्क्रीज'वर एक सरळ रेघ मारली, वर नवे शब्द सावकाश लिहिले आणि वही माझ्यापुढे सरकवली.

"आता बरोबर विझला ना?"

मी बरोबरची खूण केली.